काळजाला टेकू

२०१८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात वसईतील आमच्या धर्मग्रामातल्या काही कुटुंबांनी आम्हां उभयतांच्या नावे अठ्ठेचाळीस हजार रुपये पाठवले. रक्कम एका औषधासाठी होती. ते औषध आम्ही विकत घेतले नाही. पाठवणाऱ्यांपैकी कोणीही आजवर त्याबद्दल विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा; परंतु न विचारलेला हिशेबही द्यावाच लागतो. तो पत्राने चार ओळींत कळवता आला असता. तसे पत्र आम्ही दोनदा लिहिले आणि दोनदा फाडले. चार ओळींत जे मावत नव्हते तेच सांगण्यासारखे होते.

आम्ही मूळचे वसईचे. १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात एका आश्रमशाळेवर शिक्षक म्हणून आलो आणि हळूहळू इकडचेच झालो. चंद्रपुरातून वेगळा काढलेला तो जिल्हा तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. आलापल्लीच्या सागवानी जंगलातून भामरागडकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात असून नसल्यासारखा असे. निवृत्तीनंतर चंद्रपुरास घर केले, तरी जुने विद्यार्थी दार विसरले नाहीत. कोणी दाखला काढायला येतो, कोणी मुलीच्या लग्नाचे सांगायला. २०१७ च्या दिवाळीनंतर अशीच एक विद्यार्थिनी आली. माडिया घरातली, भामरागडच्या अलीकडल्या एका गावची, दोन लेकरांची आई. तिचे नाव येथे लिहीत नाही. आम्ही तिला पूर्वीपासून ‘पोर’च म्हणतो, तेच येथेही म्हणू.

अंगणातून ओसरीवर यायला तीन पायऱ्या आहेत. त्या चढताना ती दोनदा थांबली. दुसऱ्या बाळंतपणापासून आडवे होऊन झोपता येत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढते, असे तिने सांगितले. चंद्रपुरात सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी, म्हणजे इको, केली. हृदयाच्या डाव्या बाजूची, मायट्रल नावाची झडप खराब होऊन गळत होती. फुप्फुसांतील रक्ताचा दाब वाढला होता. डावा कप्पा एका ठोक्याला आपल्यातले साठ टक्के किंवा थोडे अधिक रक्त बाहेर टाकतो. तिचा पस्तीस टाकत होता. डॉक्टरांनी तिला लहानपणच्या एका तापाविषयी विचारले. त्या प्रश्नाकडे पुढे यायचे आहे.

मराठीत आपण हृदयाला काळीज म्हणतो आणि मटणवाल्याकडे काळीज मागितले तर तो यकृत बांधून देतो. भाषेतला हा घोळ आम्ही वर्गात वर्षानुवर्षे हसत हसत सांगितला. हृदयाच्या आजारांबाबत आमचा स्वतःचाच घोळ तेवढाच मोठा होता, हे त्या दिवशी कळले. गडचिरोली आणि हृदय हे शब्द एकत्र आले की मराठी वाचकाला डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आठवते. आम्हांलाही तेच आठवले. पण तो आजार हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांचा. पोरीच्या रोहिण्या धडधाकट होत्या, बिघडले होते ते दार.

दार बदलायचे ठरले. जिल्ह्यात ती सोय नव्हती, म्हणून नागपूर. शस्त्रक्रियेच्या खर्चाची काळजी पडली नाही, हे नमूद केले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. पिवळी शिधापत्रिका घेऊन पोरीचा नवरा नागपुरातील एका रुग्णालयात आरोग्यमित्रासमोर उभा राहिला आणि आठवड्याभरात मंजुरी आली.

काळजी निराळीच होती. झडप दुरुस्त केल्याने हृदयावरचा भार हलका होईल असे आम्ही समजत होतो. शल्यविशारदांनी उलटे सांगितले, आणि त्यांचे म्हणणे समजायला आम्हांला धानाच्या बांधीची आठवण काढावी लागली. बांधीच्या धुऱ्याला मागच्या बाजूने भोक पडले की वर चढवायचे पाणी सोप्या वाटेने मागे पळते. पाणी चढवणाऱ्याला वाटते, काम हलके आहे. गळक्या झडपेचे हृदय असेच फसते. त्याच्या प्रत्येक आकुंचनातले बरेचसे रक्त, कमी दाबाच्या कप्प्यात, मागे जाते. त्यामुळे त्याची खरी दुर्बलता झाकली राहते. भोक बुजवले की त्याच थकलेल्या स्नायूला सगळे रक्त महारोहिणीच्या पूर्ण दाबाविरुद्ध पुढे ढकलावे लागते. म्हणजे पस्तीस हा आकडासुद्धा फुगवलेला होता. शस्त्रक्रिया नीट झाली तरी, किंबहुना नीट झाली म्हणूनच, पहिले दोन-तीन दिवस हृदय कोसळण्याचा धोका.

त्या दोन-तीन दिवसांसाठी औषधांचा टेकू द्यावा लागतो. आमचा एक पुतण्या मुंबईत औषधकंपनीचा प्रतिनिधी आहे. फोनवर तो म्हणाला, “काका, जुन्या औषधांवर राहू नका. लेवोसिमेंडान म्हणून आहे, ते आणायला सांगा. महाग आहे, पण आपण पैसे जमवू.” त्यानेच वसईत शब्द टाकला आणि आठ दिवसांत रक्कम जमली. कोणी एक हजार दिले, कोणी शंभर. एका आजींनी वाडीतील केळीचे आलेले पैसे दिले असे कळले.

हे औषध फिनलंडमध्ये तयार झाले आणि २००० साली प्रथम स्वीडनने त्याला मान्यता दिली. त्याची कल्पना खरोखर सुरेख आहे. हृदयाच्या स्नायूपेशीत प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम शिरते, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि मग तंतू आखडतात. ॲड्रिनॅलिन किंवा डोब्युटामिन पेशीच्या दारावर थाप मारून आत अधिक कॅल्शियम खेळवतात. ठोका जोरकस होतो, पण प्राणवायूही जास्त खातो, आणि लय बिघडण्याची भीती राहते. चिखलात रुतलेल्या गाडीच्या दमलेल्या बैलाला तुतारीची आर टोचावी तसे ते आहे. बैल ओढतो, पण कुठून ओढतो हे बैलालाच ठाऊक. लेवोसिमेंडान कॅल्शियम वाढवत नाही. आहे त्याच कॅल्शियमला ट्रोपोनिनने अधिक चांगली साद द्यावी असे करते, आणि रक्तवाहिन्या सैल करून पुढची वाटही सोपी करते. टोचण्याऐवजी बैलाच्या कानात काही सांगावे, तसे. आम्ही भाषेची माणसे, या उपमेवरच लुब्ध झालो.

शल्यविशारदांनी पैशांचे पाकीट पाहिले आणि आम्हांला बसायला सांगितले. “गुरुजी, हे औषध मी वापरलेले आहे. पण गेल्या वर्षी त्याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. तिच्यासाठी ते आणावे असे मला वाटत नाही.”

आम्हांला त्यांचा राग आला. तो लपवत नाही. पोर माडिया आहे, योजनेवर आलेली आहे, बाप अनवाणी आहे, म्हणून हिला जुनी औषधे. हीच एखाद्या व्यापाऱ्याची सून असती तर, असे आमच्या मनात आले आणि आमच्यापैकी एकाने ते बोलूनही दाखवले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या कागदावर आकडे लिहून दाखवले. तो कागद अजून आमच्याकडे आहे.

एका चाचणीत पस्तीस टक्के किंवा त्याहून कमी शक्तीची हृदये असलेले ८८२ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्म्यांना लेवोसिमेंडान आणि निम्म्यांना तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण दिले. कोणाला काय दिले हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. मृत्यू, मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस लागणे, हृदयविकाराचा झटका, हृदयाला यंत्राचा आधार लागणे, यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण एका गटात शेकडा २४.५ होते. दुसऱ्या गटातही शेकडा २४.५. दुसरी चाचणी ५०६ रुग्णांची, शस्त्रक्रियेनंतर हृदय प्रत्यक्ष थकलेल्यांची. तीस दिवसांतील मृत्यू एकीकडे शेकडा १२.९ आणि दुसरीकडे १२.८. फ्रान्समधील तिसऱ्या चाचणीनेही फायदा दाखवला नाही. पहिल्या चाचणीत एक गोष्ट औषधाच्या बाजूची होती: रक्ताभिसरण फार मंदावल्याचे प्रमाण शेकडा २५.७ ऐवजी १८.२ राहिले. डॉक्टरांनी तीही प्रामाणिकपणे लिहिली. “म्हणून मी ते कायमचे बाद करीत नाही. पण हिचा रक्तदाब मुळात कमी आहे. ते औषध तो आणखी उतरवते, त्याचा एक अंश शरीरात आठवडाभर काम करीत राहतो, आणि मला हवे तेव्हा त्याला थांबवता येत नाही. जुनी औषधे मी नळासारखी कमीजास्त करू शकतो.”

कानात सांगणारे औषध सुंदर होते. आकड्यांना सौंदर्याशी देणेघेणे नव्हते. तरीही त्या रात्री आम्हांला पूर्ण पटले होते असे म्हणता येणार नाही. पाकीट पिशवीच्या तळाशी ठेवले, इतकेच.

जुनी औषधे म्हणजे किती जुनी, याचा शोध आम्ही नंतर घेतला. ॲड्रिनॅलिन जनावरांच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे १९०१ साली जाहीर झाले. डोब्युटामिन १९७० च्या दशकातले. त्याहूनही मागे जायचे तर विल्यम विदरिंग हा इंग्रज वैद्य भेटतो. श्रॉपशायरमधील एका म्हातारीच्या गुप्त काढ्याविषयी १७७५ साली त्याचे मत विचारले गेले. वीसेक वनस्पतींच्या त्या काढ्यातली नेमकी कामाची कोणती हे त्याने ओळखले, आणि दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवून १७८५ साली पुस्तक लिहिले. ती वनस्पती फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटालिस. आमच्या शाळेच्या कुंपणाला पिवळ्या कण्हेरीची झाडे होती. मुले त्यांच्या बिट्ट्यांनी खेळत आणि आम्ही ओरडत असू, कारण त्या बीतले विष जीव घेते. त्या विषाचे डिजिटालिसशी जवळचे नाते आहे, हे मात्र आम्हांला माहीत नव्हते.

शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली. आदल्या दिवशी एक नवी गोष्ट निघाली. पोर सिकलसेलची वाहक होती. आमच्या भागात ते नवल नाही. पण हृदय-फुप्फुस यंत्रावर रक्त फार थंड झाले किंवा प्राणवायू कमी पडला तर अशा तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. म्हणून तिला नेहमीइतके थंड करायचे नाही असे ठरले. भूलतज्ज्ञ बाईंनी हे पोरीच्या बापाला समजावून सांगितले. ते म्हातारे गृहस्थ भिंतीपाशी उकिडवे बसून ऐकत होते. बाई गेल्यावर त्यांनी आम्हांला विचारले,

“गुरुजी, धडकी बंद करतेत म्हणते डाक्टर. मंग चालू होते का जी?”

होते, असे आम्ही सांगितले. १९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी पहिल्यांदा अशा यंत्रावर शस्त्रक्रिया यशस्वी केली, तेव्हापासून रोज जगभर बंद होते आणि चालू होते, वगैरे. शिक्षकाला उत्तर माहीत नसले की तो इतिहास सांगतो.

सकाळी आठला आत नेलेली पोर दुपारी दोनपर्यंत बाहेर यायची होती. दोन वाजले, तीन वाजले. काय झाले ते आम्हांला संध्याकाळी कळले. झडप बसली होती. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडवलेली आणि १९९० सालापासून वापरात असलेली चित्रा झडप. हृदय गरम रक्त मिळताच धडधडू लागले. यंत्राचा प्रवाह हळूहळू कमी करीत आणला आणि डावा कप्पा फुगू लागला, दाब घसरला. पुन्हा यंत्र पूर्ण चालू केले. हृदयाला अर्धा तास नुसती विश्रांती दिली. डोब्युटामिनच्या जोडीला मिलरिनोन सुरू केले. पेशीतला निरोप लवकर पुसून टाकणारे एक द्रव्य असते, त्याला ते अडवते, म्हणजे निरोप अधिक वेळ टिकतो. शिवाय फुप्फुसांतल्या वाहिन्याही सैलावतात. त्याने दाब फार उतरू नये म्हणून नॉरॲड्रिनॅलिन, आणि थेंबभर ॲड्रिनॅलिन. पोरीचे वजन अडतीस किलो. या औषधांचा हिशेब दर किलोला, दर मिनिटाला, मायक्रोग्रॅममध्ये होतो; एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दुसऱ्या खेपेस यंत्र थांबले आणि हृदय चालत राहिले.

ती दुपार ते संध्याकाळ आम्ही आणि तिचे वडील एका बाकावर होतो. जपमाळ हातात होती, पण बोटे एकाच मण्यावर अडली होती. म्हातारबा बराच वेळ गप्प होते. मग कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले,

“तवाही तुमीच म्हणलं होतं जी, घरी घेऊन जा, बरी होईल. बरी झाली होती.”

त्यात दोष देणे नव्हते. उलट धीर देणेच होते: तुमचा शब्द तेव्हा खरा झाला, आताही होईल.

तवा म्हणजे १९९३ चा पावसाळा. पोर पाचवीत होती. मुलींच्या वसतिगृहात एका दालनात साठ मुली निजत. त्या ऑगस्टमध्ये घसा दुखण्याची साथ आली आणि मीठपाण्याच्या गुळण्यांनी गेली. दोन-तीन आठवड्यांनी या एकीला ताप भरला. गुडघा सुजला, तो उतरला तर कोपर सुजले. आम्ही मलम चोळले, वाढत्या वयाचे दुखणे म्हटले आणि बापाला निरोप धाडून तिला घरी पाठवले. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर होते. आम्ही तिला तेथे नेले नाही. पंधरा दिवसांनी ती परत आली, धावली, खो-खो खेळली, आम्ही विसरलो. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी इको करताना विचारलेला ताप तो हाच. तेव्हा पोरीने आमच्याकडे पाहून म्हटले होते, “बाई, तुम्हांला आठवते ना?” आणि आम्ही मान हलवली होती.

वैद्यकात जुनी म्हण आहे की हा संधिवाताचा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. घशातल्या जंतूंशी लढण्यासाठी शरीर जी शस्त्रे घडवते ती चुकून स्वतःच्या झडपांवर चालतात. घसा बिघडल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन मिळाले तर तो ताप टळतो. ताप येऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यायचे, म्हणजे तो पुन्हा येत नाही आणि झडप आणखी खराब होत नाही. इंजेक्शन स्वस्त असते. अठ्ठेचाळीस हजारांत किती आली असती याचा हिशेब आम्ही त्या बाकावर केला आणि मध्येच सोडला.

अतिदक्षता विभागात ती सात दिवस होती. काचेतून सिरिंज पंपांची चळत दिसे, चार हिरवे आकडे. आठवड्याची ओळख झाल्यावर केरळची एक परिचारिका येता-जाता आकडे सांगू लागली. तिसऱ्या दिवशी ॲड्रिनॅलिन बंद झाले. चौथ्या दिवशी डोब्युटामिन सहाचे चार झाले, रात्री पुन्हा पाच. पाचव्या दिवशी तीन. औषध वाढले की रुग्णाचे नातेवाईक निश्चिंत होतात. खरे तर ते कमी झाल्यावर निश्चिंत व्हावे, हे आम्ही तेथे शिकलो. टेकू काढताना भिंत उभी राहते की नाही हेच पाहायचे असते. म्हातारबांना आकडे कळत नसत, पण पंप मोजता येत. चाराचे तीन झाले, तीनाचे दोन. एक उरला त्या दिवशी ते पहिल्यांदा खाली जाऊन पोटभर जेवले.

आता पैसे. नागपुरातील वीस-बावीस दिवसांत घरच्या पाच जणांचे जेवण व जाण्यायेण्याचे भाडे यांत अकरा हजार चारशे रुपये गेले. छत्तीस हजार सहाशे उरले. धातूची झडप बसली की तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती कमी की जास्त होते हे पाहायला साधारण दर महिन्याला रक्त तपासावे लागते. कमी झाली तर झडप अडते, जास्त झाली तर रक्तस्राव. तिच्या गावाहून चंद्रपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. उरलेले पैसे त्या फेऱ्यांना आणि तपासण्यांना पुरले, २०२२ च्या एप्रिलपर्यंत. पुढचे आम्ही पाहतो. पुन्हा मागणी करण्यासाठी हे लिहिलेले नाही. केळीच्या पैशांच्या आजी आता नाहीत असे कळले. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावे.

रक्ताच्या गोळीबरोबर तिला हृदयाची लय राखण्यासाठी डिगॉक्सिन आहे, विदरिंगच्या वनस्पतीच्या कुळातलेच. शरीरात ते साचू नये म्हणून तिच्या डॉक्टरांनी आठवड्यातून पाच दिवसच लिहून दिले आहे. शनिवार-रविवार नाही. पहिल्यांदा चिठ्ठी वाचून ती हसली होती. “बाई, काळजाचीपण शाळाच आहे. शनिवार-रविवार सुट्टी.”

२०२२ च्या जुलैत पर्लकोटेच्या पुलावर पाणी आले आणि भामरागडचा रस्ता तुटला. त्याच महिन्यात तिची फेरी ठरली होती. फोन लागेना. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलवरून तिचा आवाज आला. रक्ताच्या गोळ्या नऊ उरल्या आहेत, अर्धी अर्धी करून पुरवू का, असे ती विचारत होती. अर्धी करायची नाही, असे आम्ही ओरडूनच सांगितले आणि फोन तुटला. पुढले दिवस आम्ही दोघे सकाळी उठून कॅलेंडरवर एक गोळी खोडत होतो. ती चंद्रपूरच्या ओसरीच्या तीन पायऱ्या न थांबता चढून आली, तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत दोन गोळ्या शिल्लक होत्या.